मुंजाला जात आहे, हिरोला नाही

दोस्तहो, आधी कबुली देऊन टाकतो, म्हणजे नंतर कुणी पाठीमागून बोंब मारायला नको. मी प्रेमाच्या कादंबऱ्या वाचतो. भुताखेताच्याही वाचतो. रात्रीच्या शहरात हिंडणारे रक्तपिपासू, शापित वाडे, गुप्तधन, मेलेली प्रेयसी परत येणं, सगळं चालतं. शाळेत असताना सवय लागली ती आजतागायत सुटली नाही. चळवळीतले मित्र हसतात. 'गोलपिठा' वाचलेला माणूस काकोडकर कसा काय वाचतो, असं त्यांना वाटतं. वाटू द्या. दिवसभर घोषणा देऊन घसा बसलेला माणूस रात्री संविधान सभेतली भाषणं वाचत झोपतो की काय? ही पुस्तकं आहेत म्हणून मी रडत नाही. ती वाचून जे मिळायला पाहिजे होतं ते मिळालं नाही म्हणून रडतोय. गिऱ्हाईकाची तक्रार आहे ही. पैसे मोजलेत मी.

परभणीत स्टेशनजवळ भाड्यानं पुस्तकं देणारं एक दुकान होतं. पाच रुपये अनामत, दिवसाला चार आणे. पुस्तकाला खाकी कव्हर, आत जांभळा शिक्का, आणि हमखास एखादं पान गायब. कुठलं पान गायब असायचं ते सांगायला नको. आमच्या घरात वाचणारी दोघं, मी आणि आक्का. ऐकणारी एक, माय. माय जिनिंगमध्ये कापूस वाहायची. संध्याकाळी यायची तेव्हा भुवयांवर, केसांवर रुई बसलेली असायची, जशी काय एका दिवसात म्हातारी झाली. भाकरी थापता थापता म्हणायची, "वाच गं पुढं. काय झालं त्या पोरीचं?" आक्का वाचायची. हिरो बंगल्याच्या गच्चीवर उभा. हिरॉईनच्या डोळ्यांत पाणी. गैरसमज झालेला. आणि माय मधेच विचारायची, "त्या पोराचं आडनाव काय म्हणलीस?"

"आडनाव कशाला पायजे? गोष्ट हाय ती."

"गोष्ट हाय म्हणून काय झालं. आडनाव तर असंल की त्याला. अन् पोट कशावर भरतंय त्याचं? सकाळधरनं नुसता गच्चीवर उभा हाय."

मराठीत समीक्षकांचा दुष्काळ नाही. प्रत्येक कॉलेजात दोन आहेत. पण मायच्या या दोन प्रश्नांच्या पुढं गेलेली समीक्षा माझ्या वाचनात अजून आली नाही. आडनाव काय, आणि पोट कशावर. माझ्या मायला सही येत नव्हती, अंगठा होता.

तर आडनावच बघू. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी', १९८२ ची. आमच्या पिढीनं तिची पारायणं केली. २०१३ ला सिनेमा आला तेव्हा पुढच्या पिढीनं केली. मलाही आवडली, खोटं कशाला बोलू. शिरवळकरांचा हात गोष्ट सांगणाऱ्याचा होता, पान उलटायला लावायचा. पण मायच्या सांगण्याप्रमाणे हजेरी घ्या. तळवलकर. घाटगे. पाटील. इनामदार. पुणं येऊन बसलंय त्या कट्ट्यावर. आणि त्याच काळात पुण्याच्या होस्टेलांत मराठवाड्यातून, विदर्भातून स्कॉलरशिपवर आलेली आमची पोरं राहत होती. स्कॉलरशिप वेळेवर आली नाही तर मेसवाल्याची तोंडं चुकवत होती. त्यातला एकही गडी त्या कट्ट्यावर चहाला आलेला मला सापडला नाही. कुणी हाकलला म्हणून नव्हे. कुणाला आठवलाच नाही. हाकलला असता तर भांडण झालं असतं, आणि भांडण झालं असतं तर कादंबरीला एक चांगलं प्रकरण मिळालं असतं. लेखकाचंच नुकसान झालं.

प्रेमकथेला अडथळा लागतो. अडथळा नसेल तर दहाव्या पानावर लग्न होईल आणि प्रकाशक मरेल. आता आमच्या या कादंबऱ्यांतले अडथळे आठवा. श्रीमंत-गरीब. हरवलेलं पत्र. बालपणी बापानं कुणाला तरी दिलेला शब्द. सावत्र आई. कॅन्सर. केवढी मेहनत लागली असेल हे सगळं शोधून काढायला! दारात आडवा उभा असलेला अडथळा सोडून ही माणसं शोधत शोधत पार कॅन्सरपर्यंत गेली.

चंद्रकांत काकोडकरांचं प्रकरण तर मजेशीर आहे. १९६२ च्या 'रंभा'च्या दिवाळी अंकात त्यांची 'शामा' छापून आली. अश्लील म्हणून खटला झाला, वरपर्यंत गेला, आणि १९६९ साली सुप्रीम कोर्टानं लेखकाला सोडलं. बरं केलं. पुस्तकाला कोर्टात खेचणारांच्या बाजूचा मी कधीच नाही, उद्या ते आमचंही खेचतील. पण बघा, शरीर किती दिसलं याच्यावर या महाराष्ट्रात सात वर्षं खल होतो. कुठल्या शरीरानं कुठल्या शरीराजवळ जायचंच नाही, यावर मी भाड्यानं आणलेल्या त्या शेकडो पुस्तकांत सात ओळी निघाल्या नाहीत. अश्लील नेमकं काय ते मग ज्यानं त्यानं ठरवावं.

भुतांचं मात्र उलट. हिरोला जात नसते, भुताला असते. मुंजा म्हणजे मुंज झालेलं पण लग्नाआधी मेलेलं ब्राह्मणाचं पोर, मुक्काम पिंपळावर. ब्रह्मसमंध म्हणजे ब्राह्मणाचं भूत, त्याचा मान मोठा, त्याला नैवेद्य लागतो. खवीस म्हणजे मुसलमानाचं, म्हणून तो दांडगट आणि ओंगळ. म्हणजे माणूस मेला तरी आपली गल्ली सोडत नाही. चातुर्वर्ण्य मसणवाट ओलांडून पलीकडं गेलंय आणि तिथंही प्लॉट पाडून बसलंय. हे सगळं आमचे भयकथावाले 'लोकपरंपरा' म्हणून डोळे झाकून उचलतात. २०२४ ला 'मुंज्या' नावाचा हिंदी सिनेमा आला, कोकणातला मुंजा. थेटरात लोक हसत होते, किंचाळत होते. मीही गेलो होतो. पण मला हसू येईना, कारण मी परभणी जिल्ह्यातला.

पोरांनो, तुम्हाला मानवत माहीत असेल ते फार तर मोबाइलवरच्या मालिकेतून. आमच्या लहानपणी मानवत हा शब्द मायच्या तोंडात धाक म्हणून होता. १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४. या सव्वा वर्षात आपल्या जिल्ह्यातल्या त्या गावात दहा खून झाले. पाच लहान पोरी, एक अंगावरचं लेकरू, चार बाया. पिंपळाखाली गुप्तधन आहे, त्याची राखण मुंजा करतो, आणि त्याला रक्त पाहिजे, असं कारण कोर्टापुढं आलं. वर दुष्काळ होता. लोक रोजगार हमीवर खडी फोडत होते. आणि कुणाच्या तरी डोक्यात हंड्यातलं सोनं खुळखुळत होतं. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, १९७७ ला निकाल लागला. जादूटोण्याविरुद्धचा कायदा व्हायला २०१३ उजाडलं, तेसुद्धा डॉ. नरेंद्र दाभोलकरांना पुण्यात भर रस्त्यात गोळ्या घातल्यावर.

आता मला सांगा, गुप्तधनाची कादंबरी हातात आली की मी काय करू? हिरोला नकाशा सापडतो. अमावास्या. मंत्र. भुयार. शेवटी हंडा. वाचताना माझ्या पोटात खड्डा पडतो तो त्या भुयारामुळं नाही. मी ती पोरगी शोधत असतो. हंड्यासाठी जिचं रक्त सांडलं ती. ती कादंबरीत नसते. असली तर पहिल्याच पानावर प्रेत म्हणून असते, नाव नसतं.

नारायण धारपांचं वेगळं. धारप घाबरवतात, झकास घाबरवतात. 'लुचाई' मी कंदिलाच्या उजेडात वाचली आणि रात्री बाहेर जायची हिंमत झाली नाही, आमच्याकडं तेव्हा संडास घरात नव्हता, विचार करा. ती स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून घेतलेली, हे पुढं कळलं. राग आला नाही. अमेरिकेतून मागवलेली भीतीसुद्धा हाताला घट्टे असलेल्या सुतारानं बसवली तर दारात नीट बसते. माझं म्हणणं पुढचं आहे. अमेरिकेतून भीती आयात करायची गरज पडली, तेव्हा इथली भीती कुठं गेली होती? पुण्यात स्वस्तात भाड्यानं मिळालेली जागा आणि आत भूत, हा किती जणांनी चावून चावून चोथा केलेला विषय आहे. आमच्यातल्या कुणालाही विचारा, पुण्या-मुंबईत भाड्याची खोली शोधताना अंगावर काटा कधी येतो. घरमालक चहा देतो, गाव विचारतो, शिक्षण विचारतो, खूश होतो, डिपॉझिट सांगतो आणि मग कपाळावर हलकी आठी घालून म्हणतो, "पूर्ण नाव?" तो जो सेकंद आहे ना, दोस्तहो, त्याच्यापुढं सगळे ड्रॅक्युला पाणी भरतील. बाबुराव बागुलांनी १९६३ ला हे लिहून ठेवलंय, 'जेव्हा मी जात चोरली होती!'. जात लपवून खोली घेतलेला माणूस, आणि उघडं पडल्यावरचा मार. मी ती भयकथा म्हणूनच वाचतो. तुम्ही तिला दलित साहित्य म्हणून वेगळ्या कपाटात ठेवा.

आता नव्यांकडं येऊ. आक्काची लेक पुण्यात एका मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. नाईट ड्युटीला मोबाइलवर वाचते. करोडपती बॉस, रागीट, मनानं हळवा, गरीब पण करारी पोरगी, अडीचशे भाग. तिनंच मला 'ट्वायलाइट' वाचायला लावलं, २००५ चं, अमेरिकेतलं. रक्तपिपासूंचं खानदान, गोरंपान, श्रीमंत, शिकलेलं, आणि माणसांऐवजी जनावरांचं रक्त पिऊन राहतं म्हणून स्वतःला शाकाहारी म्हणवतं. मी पुस्तक खाली ठेवून पाच मिनिटं हसलो. शाकाहारी रक्तपिपासू! अहो, तुम्ही ते कल्पनेनं लिहिलं, आमच्याकडं सोसायट्यांच्या सोसायट्या आहेत. आणि लांडग्यात रूपांतर होणारे कोण? क्विल्यूट. ही खरीखुरी आदिवासी जमात आहे, वॉशिंग्टन राज्याच्या समुद्रकाठी राहते. जंगली, तापट, उघडे हिंडणारे, मनानं चांगले, आणि शेवटी पोरगी मिळत नाही. पोरगी गोऱ्याला मिळते. पुस्तकं करोडोंनी खपली. खरे क्विल्यूट मात्र त्सुनामीत वाहून जायच्या जागेवर बसलेले होते. उंचावरची जमीन मिळवायला त्यांना अमेरिकेच्या काँग्रेसकडून २०१२ साली कायदा करून घ्यावा लागला. भाची म्हणाली, "मामा, जगात सगळीकडं सेमच हाय का?"

सेमच नाही, पण नातलग आहेत.

अमीशच्या 'मेलुहा'चं सांगतो आणि पुढं जातो. २०१० चं पुस्तक. त्यात विकर्म नावाची माणसं आहेत, मागच्या जन्मीच्या पापामुळं अस्पृश्य. शंकर त्यातल्या सतीच्या प्रेमात पडतो आणि तो कायदाच रद्द करवतो. वाचताना मी सरसावून बसलो. म्हटलं, आलं, आता आलं. मग बघितलं तर सती सम्राटाची मुलगी. अस्पृश्यता राजवाड्यात, आणि एका हुकमानं खलास. इकडं १९५० पासून संविधानाचं सतरावं कलम आहे, १९५५ चा कायदा आहे, १९८९ चा आहे, आणि तरी कायद्यानं मेलेली अस्पृश्यता रोज सकाळी उठून दात घासते. न मरणारं भूत पाहिजे असेल तर घ्या की हे.

इथपर्यंत टाळ्या वाजवल्या असतील तर आता थांबा. ही शिवी आपल्यालाही आहे.

आपण काय केलं? आपण आत्मकथनं लिहिली, कविता लिहिल्या, मराठी वाङ्मयाच्या बुडाखाली सुरुंग लावला, हे सगळं खरं. पण प्रेमाची कादंबरी म्हटली की आपण नाक मुरडलं. चैन आहे म्हणालो. पांढरपेशी चाळा आहे म्हणालो. बाबासाहेबांनी १९३६ ला 'जातीचं निर्मूलन' लिहिताना सांगितलं की सहभोजनानं भागायचं नाही, आंतरजातीय लग्न हाच खरा इलाज. म्हणजे प्रेम आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर पहिल्या पानावर होतं, आणि आपण ते भाड्याच्या दुकानाला देऊन टाकलं. आपल्या बहिणी मग तळवलकराच्या प्रेमात पडल्या तर त्यांना दोष देऊ नका. दुसरा हिरो आपण दिलाच कुठं होता? एक अण्णाभाऊ साठे अपवाद. 'फकिरा'चा जयजयकार सगळे करतात, 'आवडी' कुणी वाचत नाही. मराठ्याची पोरगी, रामोशाचा पोरगा, आणि भावाच्या हातून तिचा शेवट. अण्णाभाऊ १९६९ ला गेले, 'सैराट' २०१६ ला आला. मधल्या काळात भाऊ तेच, हत्यारही तेच.

माझा एक दोस्त होता. कृषी विद्यापीठात शिकलेला, हुशार, बोलायला गोड. पोरगी दुसऱ्या जातीतली, वरच्या म्हणवणाऱ्या. वर्ष सांगत नाही, गाव सांगत नाही. विशेष विवाह कायदा १९५४ चा, त्यात नोटीस द्यावी लागते, ती ३० दिवस कचेरीच्या फळ्यावर लागते, कुणाला हरकत असेल तर घ्यावी म्हणून. आम्ही चार जण रोज आळीपाळीनं तो फळा बघायला जायचो. कागद जागेवर आहे का, त्याच्यासमोर कोण उभं आहे. पहिला आठवडा गेला. नवव्या दिवशी कुणीतरी नावं उतरून घेताना दिसला. बाराव्या दिवशी तिचे भाऊ आले. पंधराव्या दिवसापासून ती कुठं आहे ते आम्हाला कळलं नाही. तिसाव्या दिवशी दोस्त इस्त्रीचा शर्ट घालून कचेरीत गेला आणि बंद होईपर्यंत बाकावर बसला. शिपायानं त्याला दोनदा पाणी दिलं.

कादंबरीकाराला सरकारनं ३० दिवसांचं कॅलेंडर फुकट दिलंय. दिवसाला एक प्रकरण. रहस्य आहे, प्रेम आहे, पाठलाग आहे, खलनायक सख्खा आहे. आणि त्यातून जिवंत राहिलात तर समाजकल्याण खात्याकडून ५० हजार रुपये प्रोत्साहन आहे. घ्या ना लिहायला!

आणि असं होत नाही असंही नाही. ऑक्टाव्हिया बटलर नावाची काळी बाई, १९७९ ला 'किंड्रेड' लिहून गेली. १९७६ चं लॉस एंजेलिस, डाना नावाची काळी पोरगी, लेखिका, नवरा गोरा. नव्या घरात पुस्तकं लावताना तिला चक्कर येते आणि ती गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये जाऊन पडते, मळ्यावर, चाबकाखाली. परत येते, पुन्हा खेचली जाते. शेवटी येते तेव्हा तिचा एक हात भिंतीत राहतो. प्रेम आहे, जादू आहे, आणि कुणाचं आडनाव लपवलेलं नाही. पँथरचं नाव आपण तिकडून आणलं १९७२ ला, छातीवर मिरवलं. ही बाई आणायची राहून गेली.

भाचीला हे सांगितलं. ती ऐकून घेते, मग तिचंच म्हणते. म्हणाली, "मामा, एक तरी कादंबरी सांग जिच्यात आपली पोरगी हिरॉईन हाय, नोकरी करती, कुणावर तरी मरती, अन् शेवटच्या पानावर जिती हाय." मी कपाटापुढं उभा राहिलो. वरचा कप्पा बघितला, खालचा बघितला. 'अशी असंल बघ कुठंतरी' म्हणालो. ती काही बोलली नाही. दोन महिन्यांनी दोनशे पानी वही घेऊन आली.

तीन प्रकरणं झालीत. पुण्यातला दवाखाना, रात्रपाळी, ब्लड बँकेत एक मुंजा येतो. रस्ता रुंद करताना त्याचा पिंपळ तोडला म्हणून बेघर झालेला, उपाशी, शेंडीची दोरी झालेली. समोर फ्रिजभर रक्त. पण पिशवीवर नुसतं ओ पॉझिटिव्ह लिहिलेलं, देणाऱ्याची जात लिहिलेली नाही. पिऊ की नको? रात्रभर पिशव्या उलटसुलट करतो, रडकुंडीला येतो. आणि ड्युटीवरची नर्स पोरगी त्याला म्हणते, लवकर ठरव, मला रजिस्टर भरायचंय. दुसरीकडं तिचं ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरबरोबर जमत चाललंय, आणि तो कोण हे तिनं अजून विचारलेलं नाही, त्यानंही नाही. मधेमधे कच्चं आहे. दुसऱ्या प्रकरणात ती करोडपती बॉसच्या भाषेत घसरलीय, मी लाल पेन मारलाय. पण मी रात्री दीडला संपवलं आणि चौथं मागायला फोन केला. "नाईट लागलीय, थांब," म्हणाली.

मायला वाचून दाखवलं. आता ऐंशीच्या पुढं गेलीय, ऐकायला कमी येतं, मोठ्यानं वाचावं लागतं. मुंजाला ती चांगलीच हसली. मग म्हणाली, "पोरीचं आडनाव लिवलंय का?"

लिवलंय म्हणालो.

"अन् पगार?"

तेही लिवलंय. किती लिवलाय ते बघून सांग म्हणाली.